हाताला खबर नाही

मोलीनपाशी मिसिसिपी पश्चिमेला वाहते.
दक्षिणेला निघालेली अख्खी नदी,
या गावाजवळ तिला मधेच काही वेगळं सुचतं.
म्हणून असेल, इथे एका गोष्टीवर
दोन मतं असली तर कुणाला नवल वाटत नाही.

शनिवार सकाळ. गाद्यांचं जुनं गोदाम,
आत जाळीचा पिंजरा, बाहेर उलट्या बादलीवर मी.
पिंजऱ्यात माझा अद्वय, वय अकरा.
इथे तो ॲडी.
मी हाक मारली की दोन्ही नावांना ओ देत नाही.
त्याच्या दोन बाजूंना दोन गुरू.

हॉगेन म्हातारा. चाळीस वर्षं शाळेचा संघ सांभाळला.
म्हणतो, हात आधी. सरळ चेंडूकडे,
वरून खाली, लाकूड फोडतोस तसा.
मागच्या पायाखाली किडा आहे असं समज आणि चिरड त्याला.
त्याचा उजवा खांदा आता टायटेनियमचा,
त्यामुळे अर्धा टोला हातांनी दाखवतो
आणि उरलेला भुवयांनी.

डेस्मंड त्याचाच एके काळचा चेला.
कॅमेरा घेऊन येतो, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं.
म्हणतो, खुबा आधी.
हात ट्रेलरसारखे, ओढले जातील तसे येऊ देत.
चेंडू वरून उतरतोय ना,
मग बॅटनं खालून त्याला भेटायला जावं.
"आणि तो किडा जगू दे की, कोच."

या भांडणाचं सामान माझ्या गॅरेजात साठलंय:
दोन्ही कोपरं जखडणारा पट्टा,
बॅटच्या गळ्यात घालायचं वजनदार कडं,
मुठीत बसून फोनला चुगल्या सांगणारं बटण,
दोरीची बॅट, चुकलं की आपल्याच पाठीत बसणारी,
आणि अर्धा पाणी भरलेला प्लास्टिकचा पाइप.
तो मी बनवला. नऊ डॉलर.
त्याला तोच आवडतो, आत पाणी डचमळतं म्हणून.

त्या दिवशी वाद चढला.
"हेच शिकवलं होतं, तेव्हा राज्यात पहिला आलास!"
"ऐकत होतो, कोच. करत नव्हतो."
आणि डेस्मंडनं फोन पुढे केला.
एकोणऐंशी सालची फिल्म, मुकी, पिवळी पडलेली:
सव्वीस वर्षांचा हॉगेन, डोक्यावर केसांसकट.
"थांबवतो. बघा. आधी काय वळलं?"

खुबा.
हात मागेच, ओढले जाणारे.
बॅट खालून वर.
मागचा पाय चक्क हवेत, किडा सुखरूप.

हॉगेननं फोन हातात घेतला. पुन्हा लावला. पुन्हा.
आम्हाला वाटलं, आता हरलो म्हणेल.
म्हणाला, "खांदा बघ. काय सैल फिरायचा."

मग कुणी काही बोलेना, म्हणून मला विचारलं.
मी कापणीयंत्रांच्या कारखान्यात थरथर मोजते,
पगार त्याचाच मिळतो.
दांड्यावर कुठेही मारा, तो शहारतो,
एक जागा सोडून.
तिथे बसलेला टोला मुठीपर्यंत पोचतच नाही.
बाकी प्रत्येक चुकीची बोटांना खबर लागते,
म्हणून तर माणसं चुकांवर तासन्‌तास बोलू शकतात.
हे काही मी बोलले नाही.
म्हटलं, "पाणी घेणार का थोडं?"

पाणी प्यायला गेले दोघं. यंत्र चालूच होतं.
अद्वयचे चार हुकले, एक छपराला लागला.
आणि मग एक आवाज, कोरड्या फांदीसारखा,
मागची जाळी पोटात मारल्यासारखी वाकली.

दोघे पेले टाकून धावले.
"हा! हा कसा मारलास?"
त्यानं बॅट पाहिली, तळवा उलटून पाहिला.
"काय माहीत. काही जाणवलंच नाही."

हॉगेननं डेस्मंडकडे पाहिलं, डेस्मंडनं हॉगेनकडे,
म्हटलं नव्हतं का, अशा चेहऱ्यानं.

पुढचा चेंडू मुठीजवळ बसला.
बॅट सोडून, दोन्ही हात काखेत दाबून
तो ओरडला, "आई गं!"
चक्क मराठीत.